भाव ६२ म्हणजे नेमकं काय?

‘बाजाराला निकाल आधीच कसा कळतो?’ मी ऑनलाइन प्रेडिक्शन मार्केटचे, म्हणजे एखादी घटना घडेल की नाही यावर पैसे लावायच्या बाजारांचे, भाव रोज बघते हे ज्यांना ठाऊक आहे, ते निवडणूक जवळ आली किंवा कुठे युद्धबंदीची बोलणी सुरू झाली की हमखास हा प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी तिथे पैसे लावत नाही. बाजाराचा भाव, त्याच दिवशीचा माझा अंदाज आणि पुढे लागलेला निकाल, एवढंच गेली काही वर्षं एका वहीत टिपून ठेवते आहे.

बाजाराला निकाल कळत नसतो. तिथे काय घडतं ते एका सौद्यावरून बघा. समजा प्रश्न आहे, ‘अमुक विधेयक महिनाअखेरपर्यंत मंजूर होईल का?’ मंजूर झालं तर ‘होय’वाल्याला एक डॉलर, नाही झालं तर ‘नाही’वाल्याला. कुणी एक जण ‘होय’साठी ६२ सेंट मोजायला तयार होतो. दुसऱ्या कुणाला ते पटत नाही, तो ‘नाही’साठी ३८ सेंट मोजतो. दोघांचे मिळून डॉलर पुरा झाला, सौदा ठरला आणि पडद्यावर ६२ टक्के उमटले. त्या आकड्यामागे तज्ज्ञांची समिती बसलेली नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांचा मतभेद आहे, आणि दोघांनी त्यावर पदरचे पैसे ठेवलेत. मग एखाद्या सदस्याने पाठिंबा काढून घेतल्याची कुणकुण लागते. ज्याला ती आधी लागते तो ६२ला विकून मोकळा होतो. पुढचा सौदा ६० वर, त्यापुढचा ५७ वर. बातमी यायच्या आधीच भाव घसरताना दिसतो. लोकांना हीच भविष्यवाणी वाटते. मला त्यात विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा होताना दिसते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते बघताना मी रंगून जाते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी असा बाजार सुरू केला. अभ्यासासाठीचा प्रयोग असल्याने तिथे एका माणसाला ५०० डॉलरपर्यंतच रक्कम घालता येते. १९८८ ते २००४ या पाच निवडणुकांतल्या ९६४ जनमत चाचण्यांशी तिथले भाव ताडून पाहिले, तेव्हा जवळपास चारात तीनदा बाजार प्रत्यक्ष निकालाच्या अधिक जवळ निघाला. याला उत्तरही आलं. चाचणी त्या दिवसाचा कल सांगते, निकालाचं भाकीत करत नाही; तिच्यातले नेहमीचे चढउतार आधी दुरुस्त करून घ्या, मग बाजाराची आघाडी उरत नाही, असं काही राज्यशास्त्रज्ञांनी दाखवलं. मला ही हरकत रास्त वाटते. चाचण्याच नसत्या तर बाजारातल्या माणसांनी तरी कशाच्या आधारावर भाव लावला असता?

जे कुणालाच ठाऊक नाही ते बाजारही सांगू शकत नाही. मे २०२५मध्ये नवा पोप निवडायला १३३ कार्डिनल व्हॅटिकनमध्ये दार लावून बसले. फोन नाही, बाहेर शब्द नाही. बाजारात इटलीचे पिएत्रो पारोलिन आघाडीवर होते आणि रॉबर्ट प्रीव्होस्ट यांचा भाव एका टक्क्याच्या आसपास होता. ८ तारखेला पांढरा धूर निघाला. इतक्या लवकर निवड झाली म्हणजे आघाडीचाच माणूस असणार, या तर्काने पारोलिन यांचा भाव आणखी चढला. मग सज्जावरून नाव जाहीर झालं ते प्रीव्होस्ट यांचं. त्या संध्याकाळी मी भाव बघतच बसले होते. जगभरातून इतका पैसा आला होता, पण बंद दाराआडची माहिती कुणाकडेच नव्हती, आणि नसलेली माहिती पैशाने तयार होत नाही.

यापेक्षा मला जास्त सतावतो तो बडा खेळाडू. २०१२च्या अमेरिकी निवडणुकीत इंट्रेड या बाजारात शेवटच्या दोन आठवड्यांत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्यावर लागलेल्या पैशांतला सुमारे एक तृतीयांश एकट्या एका माणसाचा होता. त्याचे जवळजवळ ४० लाख डॉलर बुडाले. तो मनापासून तसं मानत होता की आपला उमेदवार अजून शर्यतीत आहे असं दाखवायला भाव धरून ठेवत होता, हे बाहेरून ठरवता येत नाही. २०२४च्या अमेरिकी निवडणुकीत पॉलीमार्केट या बाजारात पुन्हा तेच दिसलं. अनेक खाती वापरून एक फ्रेंच व्यापारी ट्रम्प यांच्यावर कोट्यवधी डॉलर लावत होता आणि भाव चाचण्यांना सोडून वर गेला. अनेकांनी, माझ्यासकट, हा फुगवटा मानला. नंतर कळलं की त्याने स्वतः पैसे खर्चून वेगळ्या चाचण्या करवून घेतल्या होत्या. ‘तुम्ही कुणाला मत देणार?’ याऐवजी ‘तुमचे शेजारी कुणाला देतील?’ असं त्यांत विचारलं होतं. स्वतःचं मत सांगायला बिचकणारा माणूस शेजाऱ्याचं मोकळेपणाने सांगतो. त्याला साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास नफा झाला. आता ही दोन माणसं शेजारी ठेवा. एकाच्या हाती पक्की माहिती होती, दुसऱ्याच्या हाती नव्हती, आणि पडद्यावर दोघांची सावली सारखीच पडली. म्हणून भाव अचानक हलला की तो किती जणांनी हलवला हे मी आधी शोधते.

दोन-तीन टक्क्यांच्या भावांकडे मी फारसं लक्ष देत नाही. अशक्यप्राय गोष्ट तीन सेंटला विकली जात असेल तर तिच्याविरुद्ध जाणाऱ्याला ९७ सेंट महिनोन्महिने अडकवून तीनच मिळवायचे असतात. एवढ्यासाठी कोण पैसा अडकवील? त्यामुळे तळाचे भाव हवे त्यापेक्षा वर रेंगाळतात.

प्रश्नाचे शब्द मात्र नीट वाचा. २०२५मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालतील का, या साध्या प्रश्नावर कोट्यवधी डॉलर लागले. जूनमधल्या नाटो परिषदेत ते कोट-पँटमध्ये दिसले, तर ‘हा सूट म्हणायचा का?’ यावरच वाद पेटला, आणि शेवटी निकाल ‘नाही’ असा दिला गेला. भाव घटनेचा नसतो. कराराच्या मजकुराचा आणि त्याचा अर्थ लावणाऱ्यांचा असतो.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगते. व्याजदर कपात होईल का, असं एका मैत्रिणीने मला विचारलं होतं. भाव ८० होता, मी ८० सांगितला. तिला घरकर्जाचा दर त्या वेळी बांधून घ्यायचा होता, पण कपातीच्या आशेने तिने तो घेतला नाही. कपात झाली नाही. ‘अगं, होणार असं तूच म्हणालीस ना?’ तिने विचारलं. मी तसं म्हटलं नव्हतं. पण पाचात एकदा होत नाही, हेही मी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणणं माझं काम होतं. त्या रात्री वही काढून ८०च्या आसपासच्या सगळ्या नोंदी पुन्हा बघितल्या. बहुतेक घटना घडल्या होत्या आणि काही घडल्या नव्हत्या. बाजार चुकला नव्हता. ८० टक्क्यांचं वजन नेमकं असं असतं, आणि ते एकाच घटनेकडे बघून कधी कळत नाही.

तेव्हापासून कुणी भाव विचारला की निकाल उलटा लागला तर तुमचं काय अडेल, हे मी आधी विचारते. गेल्या महिन्यात त्याच मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, ‘७०.’ ती म्हणाली, ‘थांब,’ आणि कागद घेऊन दोन हप्ते मांडायला बसली, एक कपात झाली तरचा आणि एक नाही झाली तरचा.