कॅरिबियनसाठी महिना निवडताना: माझा अनुभव

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांत आई-वडिलांच्या मुक्कामाचे वेळापत्रक बहुधा ठरलेले असते. थंडी ओसरली की एप्रिलच्या सुमारास ते येतात आणि पुन्हा कडाका सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरअखेरपर्यंत, परततात. माझे आई-बाबा चिपळूणहून असेच येणार होते आणि या खेपेस त्यांना कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर न्यायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. जिथे पाहावे तिथे या सहलीचा उत्तम काळ म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे चार महिने सांगितलेले असतात आणि नेमके तेच आमच्या हाती नव्हते. त्यामुळे सर्वांत चांगला हंगाम कोणता, या प्रश्नात न अडकता, एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या काळात, दमा असलेल्या सत्तरीतील बाबांना बरोबर घेऊन, कोणत्या बेटावर कधी जावे, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला.

आधी त्या 'उत्तम' चार महिन्यांकडे नीट पाहिले. या काळात ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे नेमाने वाहतात, पाऊस कमी असतो आणि हवेत दमटपणाही कमी जाणवतो, हे खरेच आहे. परंतु बार्बाडोससारख्या बेटावर फेब्रुवारीतील आणि सप्टेंबरमधील दिवसाच्या तापमानात जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि समुद्राचे पाणी वर्षभर साधारण २६ ते २९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. मग हिवाळ्यात हॉटेलांचे दर एवढे का चढतात? माझ्या मते त्याचे निम्मे कारण तिथल्या हवेत नसून न्यूयॉर्क, टोरांटो आणि लंडनच्या हवेत आहे. इकडे बर्फ पडू लागले की तिकडे गर्दी होते. एप्रिलचा मध्य उलटताच हे दर उतरतात, समुद्र मात्र तोच असतो. आमच्या हॉटेलने मे महिन्यासाठी सांगितलेला दर मार्चच्या दरापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता.

खरी धास्ती होती ती चक्रीवादळांची. अटलांटिकमधील वादळांचा अधिकृत हंगाम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो. आमच्या कोकणातही १ जूनपासूनच मासेमारी बंद होते, त्यामुळे बाबांना ही तारीख फार समजावून सांगावी लागली नाही. मात्र हे सहाही महिने सारख्याच जोखमीचे नसतात. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २६.५ अंशांच्या वर गेलेले असणे आणि वरच्या थरांतील वाऱ्याने वादळाची बांधणी मोडून न टाकणे, या दोन्ही गोष्टी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जुळून येतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या हवेच्या लाटांना याच काळात बळ मिळते आणि १० सप्टेंबरच्या आसपास हंगाम शिगेला पोहोचतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली, तर वर्षाला नाव दिलेली १४ वादळे, त्यांपैकी ७ चक्रीवादळे आणि त्यांतली ३ तीव्र, असे प्रमाण दिसते. हे आकडे संपूर्ण अटलांटिक खोऱ्याचे आहेत, एकेका बेटाच्या वाट्याला त्यांतले फार थोडे येते. बार्बाडोसला १९५५ च्या 'जॅनेट' चक्रीवादळानंतर थेट २०२१ मध्ये 'एल्सा' या चक्रीवादळाचा तडाखा बसला. तरीही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने मी विनाचर्चा खोडून टाकले, कारण वादळ आले नाही तरी ते येणार का, या चिंतेतच सुट्टी संपते.

यावर माझ्या यजमानांनी कुरासावचा पर्याय पुढे केला. साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावरील हे बेट शेजारच्या अरुबा आणि बोनेअरप्रमाणे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस आहे आणि सप्टेंबरमध्येही तिथे पर्यटक जातात. हा पर्याय चुकीचा नव्हता. मात्र त्याच सुमारास तिथला वारा मंदावतो, उष्मा वर्षातला सर्वाधिक असतो आणि भूभाग रुक्ष, निवडुंगाचा आहे. निवडुंग पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे, असे आईने विचारल्यावर तो विषय मिटला. एक गंमत मात्र या शोधात लक्षात आली, ती अशी की इतर बहुतेक बेटांवर पर्यटनाचा सुवर्णकाळ उजाडत असतो त्या नोव्हेंबर-डिसेंबरातच कुरासावमध्ये वर्षातला सर्वाधिक पाऊस पडतो, मग तो प्रमाणाने कितीही थोडा असो. शिवाय नेहमीच्या वाटेबाहेर म्हणजे पूर्ण सुरक्षित असेही नाही. असाच समज असलेल्या ग्रेनडाला २००४ मध्ये 'आयव्हन'ने उद्ध्वस्त केले आणि १ जुलै २०२४ रोजी, हंगाम जेमतेम महिनाभराचा असताना, 'बेरिल'ने त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावरील बहुतेक घरांची पडझड केली. त्याच दिवशी बार्बाडोसच्या कोळ्यांच्या कित्येक होड्याही लाटांनी फोडल्या.

उरले मे, जून आणि जुलै. यांतले शेवटचे दोन महिने वादळांमुळे नव्हे, तर धुळीमुळे गेले, ही गोष्ट मला स्वतःला नवी होती. सहारा वाळवंटातील बारीक धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियनपर्यंत पोहोचते आणि बार्बाडोसवर तिचे प्रमाण जून ते ऑगस्ट या काळात सर्वाधिक असते. बेटाच्या पूर्व टोकावरील रॅगेड पॉइंट येथे १९६० च्या दशकापासून या धुळीची मोजणी चालू आहे. धुळीबरोबर येणारा कोरडा हवेचा थर वादळांना काहीसा दाबून धरतो, हा तिचा एक उपकारच म्हणायचा, पण दमेकऱ्याला त्याचा काय उपयोग? बाबांच्या डॉक्टरांनी जून-जुलैच्या विचारावर नकारार्थी मान हलवली आणि आमच्यापुढे एप्रिलअखेरपासून मेअखेरपर्यंतचा काळ राहिला. पाच तासांच्या आत पोहोचवणारे थेट विमान न्यूयॉर्कहून मिळत असल्याने बेट बार्बाडोस ठरले.

महिना ठरला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हते, कारण एका बेटाच्या दोन किनाऱ्यांचेही हंगाम वेगळे असू शकतात. २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ प्रचंड प्रमाणात या भागात वाहत येऊ लागले असून वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत त्याचा जोर असतो. ते पूर्वेकडून येते, त्यामुळे पूर्वेचे आणि दक्षिणेचे किनारे त्याच्या तावडीत सापडतात, तर पश्चिम किनारा पुष्कळसा वाचतो. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा उपग्रहांच्या आधारे त्याचा मासिक अंदाज प्रसिद्ध करते. तो पाहून मी हॉटेलांना फोन केले आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारला, "तुमचा किनारा कोणत्या दिशेला आहे?" दक्षिण किनाऱ्यावरील एका हॉटेलातील मुलीने आधी "समुद्राच्या दिशेला" असे हसून उत्तर दिले, मग शेवाळाचे नाव काढताच, रोज पहाटे ट्रॅक्टर लावून ते उचलावे लागते, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले. आम्ही पश्चिमेकडील होलटाउनजवळ खोल्या घेतल्या.

मे महिन्यातील तो मुक्काम निवडीला साजेसा झाला. पाऊस आला, पण आमच्याकडच्या झडीसारखा दिवस दिवस ठाण मांडून बसणारा नव्हे. दुपारी एखादी दणदणीत सर येई आणि अर्ध्या तासात वाळू पुन्हा तापलेली असे. अशाच एका सरीत आई किनाऱ्यावरील एका झाडाखाली जाऊ लागली, तेव्हा तिथल्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्या माणसाने ओरडून तिला थांबवले. झाडाच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला होता. ते मँचिनीलचे झाड होते. त्याचा चीक इतका दाहक असतो की पावसात त्याच्या पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड उठतात. पावसाळी महिन्यांत जाणाऱ्यांनी हा लाल पट्टा आवर्जून ध्यानात ठेवावा.

पूर्व किनाऱ्यावरील बाथशेबालाही आम्ही एक दिवस गेलो. तिथे पाण्यातून वर आलेले भले मोठे खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा पाहण्यासारख्या आहेत, मात्र पोहण्यासारख्या नाहीत. काठावर शेवाळाचा गुडघाभर थर कुजत पडला होता आणि सडक्या अंड्यासारखा वास गाडीची काच खाली करताच आत शिरला. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांची भरपाई शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात झाली. फ्लाइंग फिशचा हंगाम डिसेंबर ते जून असतो, म्हणजे मे महिन्याने आम्हाला इथेही साथ दिली, दोन ताटे संपवल्यावर बाबांनी निकाल दिला, "कोकम नाही, बाकी उत्तम." आईची तक्रार वेगळीच होती. ऐन हापूसच्या दिवसांत घर सोडून आल्याची खंत तिने बेटावरच्या प्रत्येक आंब्याच्या झाडाखाली बोलून दाखवली.

आता पुण्यातील माझा धाकटा भाऊ मुलांना घेऊन यायचे म्हणतो आहे आणि त्याला दिवाळीचीच सुट्टी मिळते. त्याला मी बार्बाडोसऐवजी त्रिनिदाद आणि टोबॅगो सुचवले आहे. साधारण १० ते ११ अंश अक्षांशावरील या देशावर वादळे क्वचितच येतात. तिथला पावसाळा जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे कोरडे आकाश मिळणार नाही, परंतु दिवाळी तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि तिच्या आधीच्या काही रात्री चाग्वानास येथील दिवाळी नगरात उत्सव चालतो. मुलांच्या समुद्रस्नानासाठी टोबॅगो आहेच. वादळांचा हंगाम संपत आलेला असला तरी ३० नोव्हेंबर उलटलेला नसेल, म्हणून विम्याची गोष्ट मी त्याला दोनदा सांगितली. एखाद्या वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळामुळे झालेले नुकसान भरून देत नाही, आणि कोणत्याही कारणासाठी सहल रद्द करण्याची सोय हवी असल्यास ती पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच घ्यावी लागते, तीही खर्चाच्या ५० ते ७५ टक्क्यांपुरतीच. तिकिटे काढशील त्याच दिवशी विमा उतरव, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.