केरीआ म्हणजे 'हवं होतं'

ग्रॅनाडा दक्षिण स्पेनमध्ये म्हणून घरच्यांना वाटतं इथे कायम ऊन, पण शहराच्या मागे सिएरा नेवादाचा बर्फ आहे आणि जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. अशा थंडीत आमचा गीझर गेला. मंगळवारी मेकॅनिक दुरुस्त करून ८० युरो घेऊन गेला आणि शुक्रवारी सकाळी डोक्याला शाम्पू लावलेला असताना पाणी परत गार. तशीच ओल्या केसांनी दुकानात गेले आणि सरळ म्हणाले, नो फुन्सिओना, किएरो मि दिनेरो. चालत नाहीये, माझे पैसे हवेत. व्याकरण बरोबर होतं, पण काउंटरवरच्या काकांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांना शिवी दिली.

संध्याकाळी शेजारच्या आजींना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, आत गेल्यावर बुएनोस दिआस म्हणालीस का? नव्हते म्हणाले. आपण वाण्याकडे जाऊन शुभ सकाळ कुठे म्हणतो, 'काय दादा' म्हटलं की झालं! इथे मात्र त्याशिवाय पुढचं काही ऐकूनच घेत नाहीत. मग त्यांनी मला अख्खं वाक्य बसवून दिलं. आधी मिरे, म्हणजे बघा. मग एस के, म्हणजे आपलं 'त्याचं काय झालं ना'. मग से आ एस्त्रोपेआदो, गीझर बिघडला, कोणी बिघडवला ते काढायचंच नाही, आपण नाही का म्हणत कप फुटला. आणि किएरो नाही, केरीआ. मला हवंय नाही, हवं होतं.

इथे मी थबकलेच, कारण हे तर मी लहानपणापासून बोलतेय. 'जरा विचारायचं होतं', 'एक काम होतं तुमच्याकडे'. काम आत्ताच असतं, पण आपण ते भूतकाळात ढकलतो म्हणजे समोरच्यावर दडपण येत नाही. क्लासमध्ये हा भूतकाळ इंग्रजीतून शिकवला तेव्हा डोक्यात शिरला नव्हता, मराठीतून एका मिनिटात शिरला. त्यामुळे मराठी माणूस फटकळ असतो हे मला आता अजिबात पटत नाही. मी फटकळ बोलले कारण मी मनात इंग्रजीतून स्पॅनिश जुळवत होते.

एक गोष्ट मात्र अजून जड जाते. इथे साठीच्या माणसालाही सर्रास तू म्हणतात, शब्दही तूच आणि अर्थही तोच. माझी जीभ वळत नाही, मी उस्तेदच म्हणते, म्हणजे आपलं 'तुम्ही'. आजी म्हणतात तक्रारीत अचानक उस्तेद आलं की माणूस चिडलाय असं वाटतं. वाटू दे. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करणार नाही.

हे गोड बोलणं पोकळ नाही हेही सांगायला हवं. दुकानात भिंतीवर पाटी असते की तक्रारीचा फॉर्म मिळेल, ओहा दे रेक्लामासिओनेस, मागितला की द्यावाच लागतो, आणि अंदालुसियात, म्हणजे ग्रॅनाडा ज्या प्रांतात आहे तिथे, दुकानदाराला कामाच्या १० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिवाय घरगुती उपकरणाच्या दुरुस्तीला ३ महिन्यांची गॅरंटी असते. कौतुक आहेच. पण आपली ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ला सुरू झाली आणि यांचा पहिला ग्राहक कायदा १९८४चा, आपला १९८६चा, तेव्हा आपण काही मागासलेले नव्हतो हो. आपल्याकडे एसटी स्टँडवर तक्रार पुस्तकही असतं, फक्त ते मागितलं की साहेब जेवायला गेलेले असतात.

शनिवारी परत गेले. बुएनोस दिआस, मिरे, एस के... फॉर्मचं नावही काढावं लागलं नाही. काका स्वतः घरी आले, एक पार्ट बदलला, एक पैसा घेतला नाही. जाताना मला म्हणाले, नो पासा नादा, काही हरकत नाही. ते मी म्हणायचं होतं ना! गार पाण्याने मी अंघोळ केली, आणि सॉरी शेवटपर्यंत आलं नाही.