यंदा दिवाळीला हॉलला कुठला रंग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गणपती गावाला गेले की हाच प्रश्न सुरू होतो, 'ताई, यंदा ट्रेंड काय आहे, हॉलला कुठला कलर मारू?' ठाण्यात बारा वर्षं घरांच्या सजावटीची कामं करतेय आणि माझं उत्तर दरवेळी भिंतीला हात लावून सुरू होतं, शेडकार्ड त्यानंतर.

आधी ट्रेंडचं सांगते. पॅन्टोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक 'वर्षाचा रंग' जाहीर करते, तिने २०२५ साठी मोका मूस निवडला होता, म्हणजे दूध जास्त झालेल्या कॉफीचा तपकिरी, आणि २०२६ साठी क्लाउड डान्सर, म्हणजे मऊसर पांढरा. मला हा पांढरा मनापासून आवडला कारण आजोळी दिवाळीआधी पिंपात चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवायचे, ती रटरटायची, आम्हा पोरांना लांब उभं करायचे, मग त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून भिंतींना दोन हात द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी माजघर एकदम मोठं वाटायचं. त्याच चुन्याला आता लाइमवॉश म्हणतात आणि लोक तो मागून घेतात, छान आहे, जरूर घ्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू चुनखडीसारखा घट्ट होतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. फक्त एक, जुन्या प्लास्टिक पेंटवर तो तसाच धरत नाही, खाली खरवडावं लागतं किंवा त्यासाठीचा प्रायमर लागतो. आणि ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, तेव्हा पहिल्याच दिवशी पेंटरवर चिडू नका.

आता ओलीचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आईच्या घरी मी स्वतः घाई केली होती. पाऊस नुकताच थांबलेला, दसऱ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिक पेंट मारून घेतला, दिवाळीत सुंदर दिसलं आणि संक्रांतीपर्यंत पोपडे. वरचा पापुद्रा पाणी बाहेर सोडत नाही, मग ते रंगालाच ढकलतं. आई काही बोलली नाही, पण मला आजही ती भिंत बघवत नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे ऑक्टोबरचं ऊन जवळजवळ पूर्ण हातात आहे, ते भिंतीला खाऊ द्या. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा, आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे, थांबा. आणि वर टाकी किंवा पलीकडे बाथरूम असेल तर आधी गळती शोधा, त्याशिवाय कुठलाही रंग फुकट.

दुसरं, रंग ठरवायच्या आधी दिवे बदला. बहुतेक घरांत ६५०० केल्व्हिनची (हा आकडा उजेडाचा रंग सांगतो, जितका कमी तितका उजेड पिवळसर) पांढरीफटक ट्यूब असते, तिच्याखाली गेरूसारखा सुंदर रंग मातकट आणि मोका राखेसारखा दिसतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचे दोन-तीन दिवे लावा, एक कोपऱ्यात खाली, एक टेबलावर, मग शेडचा मोठा तुकडा भिंतीला लावून सकाळ-संध्याकाळ बघा. माझ्या कितीतरी क्लायंटनी एवढं केल्यावर नवा रंग मारायचा बेतच रद्द केला आणि मला त्याचा आनंदच झाला.

बाकी वेत, खणाचे कुशन कव्हर, तांब्याची घंगाळी, हे सगळं आहेच यंदा. घरात असेल तर माळ्यावरून काढा, नवीन विकत घेऊ नका. आजीची वेताची खुर्ची नुसती विणून घेतली तरी पुरते.

घटस्थापनेच्या सुमारास ते प्लास्टिक चिकटवा आणि थेंब दिसले तर मला फोटो पाठवा, पेंटरला ॲडव्हान्स देण्याआधी.