इचलकरंजीचा जॉबर शिकतो कुठे?

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि घोरपडे जहागीरदारांच्या पाठबळावर पुढे सारे गावच कापडावर जगू लागले. या गावाला वस्त्र अभियांत्रिकी शिकवणारी डीकेटीई ही संस्था मिळाली ती १९८२ साली, आणि तिचे वर्ग भरतात ते त्याच घोरपड्यांच्या राजवाड्यात. स्थानिक उद्योग आणि उच्च शिक्षण यांची अशी सांगड महाराष्ट्रात फार ठिकाणी पडलेली नाही, हे मान्यच करायला हवे. माझा प्रश्न पदवीच्या खालच्या पायरीचा, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती करणाऱ्या जॉबरचा आहे.

साध्या मागाचा जॉबर खडखडाटातूनही नेमका बिघडलेला माग ओळखतो. आडवा धागा वाहून नेणारा धोटा का अडकतो, उभे धागे एकाच जागी वारंवार का तुटतात, हे त्याला हात लावताच उमगते. ही विद्या त्याने एखाद्या जुन्या जॉबरच्या हाताखाली पाना धरून मिळवलेली असते. हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या एअरजेट मागावर मात्र धोटाच नसतो. तिथे हवेचा दाब, झडपांची वेळ आणि पडद्यावर इंग्रजीत उमटणारा दोषाचा क्रमांक यांच्याशी गाठ पडते, आणि तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस कंपनीच्या तंत्रज्ञाची वाट पाहत बसतो. केंद्राच्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने १९९९ पासून नव्या यंत्रांच्या कर्जाला सवलत दिली. यंत्र आले, पण ते चालवणाऱ्याच्या शिक्षणाची तरतूद त्या तोलाने झाली नाही.

शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आहे, पण सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच उमेदवार घेणे बंधनकारक आहे. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा आठ-सोळा मागांचा खर्चीवाला त्या कक्षेत येतच नाही. त्याच्या दृष्टीने जॉबरला महिनाभर प्रशिक्षणाला पाठवणे म्हणजे माग बंद ठेवणे, आणि शिकून आलेला माणूस शेजारच्या कारखान्याने पळवला तर खर्च अंगावर पडतो तो वेगळाच.

म्हणून प्रत्येक कारखान्याकडून प्रशिक्षणाची अपेक्षा धरण्यापेक्षा गावासाठी एकच सामाईक कार्यशाळा असावी, असे मला वाटते. तिथे चालू स्थितीतले रेपिअर (धोट्याऐवजी पट्टीच्या टोकाने धागा ओढून नेणारे) आणि एअरजेट माग हवेत, शिकवणे मराठी, कन्नड आणि हिंदीत हवे, कारण माग चालवणारे हात आता सीमेपलीकडून आणि उत्तर भारतातूनही येतात. वेळही पाळ्या पाहूनच ठरवावी लागेल. बारा तास उभे राहिलेल्या माणसाला रात्री वर्गात बसवणे हा निव्वळ देखावा ठरेल. विणलेल्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्याला त्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून दिल्याशिवाय तो फिरकणारही नाही. ही रक्कम सरकारइतकीच सूत देणाऱ्या व्यापाऱ्यांनीही उचलावी, कारण निर्दोष कापडाला मिळणारा चढा भाव प्रथम त्यांच्याच हाती पडतो आणि खर्चीवाल्याच्या मजुरीत तो क्वचितच उतरतो.