गळ आणि तिथी

आज मालवणजवळच्या देवबागला, कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे, पहिल्यांदा गळ टाकून बसले. शिकवायला शेजारचे काका होते. त्यांनी मोबाईल नाही, कालनिर्णय बघितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. आज चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास. दुपारी आणि पहाटेही. रोज ती साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. चढत्या पाण्याबरोबर मासा खाण्याच्या शोधात खाडीत शिरतो, म्हणून आम्ही दुपारी एक वाजताच जाऊन बसलो. किती पिढ्यांनी पाण्याकडे बघत बसून हा हिशोब बसवला असेल!

सामान अगदी थोडं. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, वजनाला शिसं, लहान गरी म्हणजे हूक आणि आमिषाला ताजी कोळंबी. कोळंबी सोलून गरीच्या वळणावरून सरकवायची, टोक जेमतेम बाहेर ठेवायचं. तंगूस बोटावर धरला की तळाची वाळूसुद्धा कळते. पहिला झटका आला तेव्हा काका म्हणाले, "चेडवा, घाई करू नको. तो आधी चाखता, मगे गिळता."

लागली ती शेंगटी. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांतला काटा विषारी असतो, हात लावायचा नाही. काकांनी पकडीने गरी सोडवून तिला पाण्यात सोडलं. नंतर एक छोटी तांबोशी आली. इतकी सुंदर, की बघतच राहिले. तीही सोडली, वाढू दे.

अष्टमीला भरती सहाला. काकांना विचारून ठेवलंय. कोणी येणार का?