बरगड्यांमधली काळी भुकटी

जीवाश्म साफ करण्याच्या आमच्या कामात दिवसचे दिवस काहीच घडत नाही. हवेच्या दाबावर टकटकणारी सुई, सूक्ष्मदर्शी आणि समोर दगड. हाडाला धक्का न लावता भोवतीचा खडक कणाकणाने उडवायचा. त्या दिवशी समोर इक्थिओसॉर होता, जर्मनीतल्या होल्त्समाडेन भागातल्या शेल या पातळ थरांच्या चिखलदगडातला, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. (याला सर्रास समुद्री डायनोसॉर म्हणतात. तो डायनोसॉर नव्हे आणि मासाही नव्हे. समुद्रात परतलेल्या सरीसृपांचा हा वेगळाच वंश.)

मी बरगड्यांपाशी पोहोचले तशी मंडळी खुर्चीमागे घुटमळायला लागली. होल्त्समाडेनच्या काही इक्थिओसॉर माद्यांच्या पोटात पिल्लांचे सांगाडे मिळालेले आहेत. हा प्राणी अंडी न घालता पिल्लंच द्यायचा, याचा तो सज्जड पुरावा. आम्हालाही इवले मणके दिसतील अशी आशा होती. निघाली ती काळपट भुकटी. मंडळी पांगली.

मी मात्र भिंग वाढवून पाहिलं. भुकटी कसली, बारीक हुक होते ते! मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, काळे चकचकीत, एका टोकाला वाकलेले, एकमेकांत गच्च अडकलेले. बेलेम्नाइटच्या बाहूंवरचे हुक. बेलेम्नाइट म्हणजे आजच्या माकूळचे नामशेष झालेले नातलग. भक्ष्य निसटू नये म्हणून त्यांच्या बाहूंवर हुकांच्या रांगा असत. मऊ अंग पचून गेलं, हुक पोटातच राहिले.

बेलेम्नाइटच्या शरीरात मागच्या बाजूला बंदुकीच्या गोळीसारखं, कॅल्साइट या खनिजाचं टणक टोकही असतं. त्या शेलमध्ये अशी टोकं भरपूर मिळतात, पण आमच्या इक्थिओसॉरच्या पोटात एकही नव्हतं. एक तर तो ती ओकून टाकत असावा, नाहीतर मऊ भाग तेवढाच तोडून खात असावा. त्याच खडकातल्या हायबोडस शार्कला एवढी अक्कल नव्हती. त्याचा एक नमुना श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे, पोटात टोकांचा ढीगच्या ढीग.

दुपारी प्रदर्शनाचं काम पाहणारे गृहस्थ आले. ‘तेवढा काळा डाग काढा, बरगड्या उठून दिसतील.’ मी साफ नकार दिला. याच खडकातले सांगाडे साफ करताना १८९२ मध्ये बर्नहार्ड हाऊफ यांनी हाडांभोवतीचा काळा थर खरवडून टाकला नाही, म्हणून तर इक्थिओसॉरच्या अंगाची बाह्यरेषा आणि पाठीवरचा माशासारखा पर जगाला दिसला. त्या परात हाडच नसतं. नुसत्या सांगाड्यावरून तो कधीच कळला नसता. भिंतीवर टांगलेले लखलखीत जुने नमुने पाहिले की मला हल्ली कौतुकाआधी शंका येते, यांच्या पोटातलं काय काय झाडून टाकलं असेल?

बराच वाद झाला. शेवटी तो पट्टा तसाच ठेवायचं ठरलं. वरवर सुटे झालेले हुक मी डब्यांत भरले, प्रत्येकावर जागा लिहिली आणि मोजमापाला पाठवले. साफ केलेल्या सांगाड्यात तेवढाच भाग मळकट दिसतो. काम अर्धवट राहिलंय का, असं लोक विचारतात, तेव्हा मी त्यांच्या हातात भिंग देते.