उसाचा वायू आणि पायाखालचा काळा दगड

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. कार्बन पकडण्याच्या तंत्रज्ञानावर हल्ली बरंच वाचायला मिळतं, पण त्यात फर्मेंटरचं, म्हणजे मळी आंबवून अल्कोहोल करायच्या टाकीचं, नाव क्वचितच असतं. म्हणून हे लिहितेय.

ग्लुकोजसारख्या साध्या साखरेचा एक रेणू यीस्टने फोडला की अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनात दोन्ही जवळजवळ सारखे. एक लिटर अल्कोहोलमागे पाऊण किलो वायू धरा. म्हणजे दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी रोज साधारण ४५ टन वायू सोडते. आमच्याकडे तो सगळा थेट हवेत जातो. फर्मेंटरवरचे आण्णा नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतात, "नाक झोंबलं की खाली वाकायचं न्हाई, मागं फिरायचं." वायू हवेपेक्षा दीडपट जड, तो खालीच साचतो. टाकी धुवायला उतरलेली माणसं त्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढायला अमाइन या वायू शोषणाऱ्या रसायनाचं द्रावण लागतं, आणि ते द्रावण पुन्हा मोकळं करायला १२० अंशांपर्यंत तापवावं लागतं. सगळी वाफ आणि पैसा तिथेच जातो. फर्मेंटरचा वायू मात्र मुळातच ९९ टक्क्यांच्या आसपास शुद्ध. फेस अडवायचा, पाण्याने धुऊन अल्कोहोलचा अंश काढायचा, सक्रिय कोळशावरून नेऊन वास घालवायचा, कॉम्प्रेसरने दाबायचा, सुकवायचा आणि अमोनियाच्या चिलरवर उणे २५ अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूपात टाकीत भरायचा. यातलं कुठलंही यंत्र साखर कारखान्याच्या माणसाला नवखं नाही. काही डिस्टिलऱ्या हे करतात आणि गॅस सोडावॉटर, कोल्ड्रिंक, ड्राय आइसवाल्यांना विकतात.

मला ते आवडतं, पण पुरेसं वाटत नाही. बाटलीचं झाकण उघडलं की तो वायू परत हवेत. खनिज इंधनापासून काढलेल्या गॅसची जागा त्याने घेतली तर तेवढा फायदा खरा, त्यापलीकडे काही नाही.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. हा वायू उसाने गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. तो कायमचा गाडला, तर हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरला मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा असाच वायू २०११ ते २०१४ या काळात सुमारे २१०० मीटर खोल वालुकाश्मात सोडला, जवळजवळ १० लाख टन. आइसलँडमध्ये तर तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. ते आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं आणि वायूचा दगड होतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाला.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. पश्चिम महाराष्ट्रातले बहुतेक साखर कारखाने दख्खनच्या या थरांवरच उभे आहेत. शुद्ध वायू वर आणि हा दगड खाली, असा जोड जगात फार ठिकाणी नसेल.

अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. आइसलँडचा दगड तरुण. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. विहीर खणताना पांढरे स्फटिक निघतात ना, तशा खनिजांनी त्याची बरीचशी छिद्रं आधीच बुजलेली. कोयनेच्या परिसरात तर खडकात पाणी दाबायचा विचारही करू नये. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप अजून लोकांच्या लक्षात आहे. आणि पाणी. या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. आमच्यासारख्या भागात हे ऐकूनच माणसं उठून जातील.

पण उसात ७० टक्के पाणीच असतं. रोज ५००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर ३५०० टन पाणी आत येतं. बगॅस (चिपाड), मळी यांतून काही जातं, बाकीचं वाफेवाटे कंडेन्सेट, म्हणजे थंड झालेल्या वाफेचं पाणी, म्हणून हाती येतं. ४५ टन वायूला ११२५ टन पाणी हवं. कंडेन्सेटचा मोठा भाग कारखान्यातच वापरला जातो, म्हणून ते पुरेल असं मी म्हणत नाही. हंगामातला आठवडाभराचा ताळेबंद प्रत्यक्ष मांडला तर कळेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ मध्ये सुमारे १००० टन वायू पाण्यात न विरघळवता, दाबाखाली तसाच बेसाल्टमध्ये सोडला होता. तोही मार्ग आहे.

मला हवंय ते एवढंच: कोयनेपासून दूर, एखाद्या कारखान्याच्या आवारात एक चाचणीचं बोअर, नमुन्यांची तपासणी आणि निकाल मराठीत, सभासद शेतकऱ्यांसमोर. पिण्याच्या पाण्याला धोका दिसला तर तिथेच थांबायचं. दगडाने वायू घेतला, तर कॉम्प्रेसर आणि चिलर चालवायला आमची माणसं तयार आहेत.